पतपेढीत फेडलेले हप्ते पतअहवालात कधी दिसणार?

प्रति,
संपादक महोदय,

स. न. वि. वि.

बँकेने कर्जाचा अर्ज नाकारला की ठाणे आणि नवी मुंबईतील नोकरदार किंवा लहान दुकानदार बहुधा जवळच्या सहकारी पतसंस्थेकडे वळतो. त्याला कोणीतरी सांगितलेले असते, की पतपेढीचे सभासद व्हा, लहानसे कर्ज घ्या, वर्षभर हप्ते वेळेवर भरा, म्हणजे ‘सिबिल’, म्हणजे बँका पाहतात तो पतगुणांक, आपोआप सुधारेल. या सल्ल्यातील पहिल्या तीन गोष्टी उत्तम आहेत; चौथी मात्र बहुतेक पतपेढ्यांच्या बाबतीत घडत नाही. ठाण्यातील एका पगारदार सहकारी पतपेढीच्या कर्ज समितीवर मी काही वर्षे काम केले आहे आणि प्रामाणिकपणे कर्ज फेडलेला सभासद बँकेतून पुन्हा रिकाम्या हाताने परत येताना पाहिला आहे. म्हणून या विषयावर आपल्या वाचकांसमोर आणि सहकार खात्यासमोर काही मुद्दे मांडण्याची परवानगी घेतो.

पत बिघडलेली माणसे म्हणजे कर्जबुडवे, असा एक सोयीस्कर समज आहे. प्रत्यक्षात वागळे इस्टेटमधील कारखान्याचे काम करोनाच्या काळात बंद पडल्यामुळे वाहनकर्जाचे हप्ते राहिलेला कामगार, भावाच्या कर्जाला जामीन राहिलेला शिक्षक, मोबाइलवरील ॲपमधून चार-पाच हजारांची उचल करून ती फेडण्यासाठी दुसऱ्या ॲपकडे गेलेला महापे-रबाळ्याकडचा तरुण, अशी ही मंडळी असतात. देशात सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार पतमाहिती कंपन्या आहेत. त्या ३०० ते ९०० या पट्ट्यात पतगुणांक देतात आणि मागील ३६ महिन्यांत कोणता हप्ता किती दिवस उशिरा भरला, हे अहवालात महिनावार दिसते. थकबाकीच्या तडजोडीत काही रक्कम सोडून देऊन बँकेने खाते मिटवले असेल, तर तेथे ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो. कर्जदाराला वाटते की प्रकरण संपले. पुढच्या बँकेच्या अधिकाऱ्याला त्या शेऱ्यातून एवढेच कळते की या माणसाने पूर्ण पैसे दिलेले नाहीत.

‘स्थानिक पतसंस्थेचे सभासद होऊन पत सुधारा’ हा सल्ला समाजमाध्यमांवरून आणि परदेशी असलेल्या नातेवाइकांकडून आपल्याकडे येतो. अमेरिकेत तो खरा ठरतो, याला कारणे आहेत. तेथील क्रेडिट युनियन ही सभासदांच्या मालकीची संस्था असली, तरी तिच्या ठेवींना संघराज्य पातळीवरील विम्याचे प्रत्येक ठेवीदारामागे अडीच लाख डॉलरपर्यंत संरक्षण असते आणि अनेक क्रेडिट युनियन आपल्या कर्जदारांच्या परतफेडीची माहिती पतमाहिती कंपन्यांना नियमितपणे कळवतात. पत उभारण्यासाठीच आखलेली छोटी कर्जेही तेथे मिळतात. त्यांत कर्जाची रक्कम आधी खात्यात अडकवून ठेवली जाते, सभासद हप्ते भरत जातो, त्या हप्त्यांची नोंद होत राहते आणि शेवटी रक्कम त्याच्या हाती पडते. कर्ज हे तेथे निमित्त असते, खरी वस्तू ती नोंद असते. आपल्या पतपेढीत पैसे त्याच दिवशी मिळतात. नोंद मात्र संस्थेच्या खातेवहीबाहेर सहसा जात नाही.

याचे मूळ कायद्यात आहे. पतमाहिती कंपन्यांचे नियमन २००५ च्या केंद्रीय कायद्याने होते. कर्ज देणाऱ्या कोणत्या संस्थांनी माहिती द्यावी, याच्या व्याख्येत बँका, सहकारी बँका, बिगर-बँकिंग वित्त कंपन्या, गृहवित्त संस्था, क्रेडिट कार्ड कंपन्या वगैरे येतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली पतसंस्था ही बँक नाही. तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण नसून राज्याच्या सहकार खात्याचे, म्हणजे निबंधकांचे आहे. त्यामुळे रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२५ पासून महिन्याऐवजी पंधरवड्याला माहिती पाठवण्याचे बंधन घातले, तेव्हा त्याचा लाभ बँकांच्या कर्जदारांना झाला. आपल्याकडील बहुसंख्य पतपेढ्यांच्या सभासदांचा त्यात विचारच नव्हता.

जांभळी नाक्यावरील एखाद्या भाजीविक्रेत्याचे उदाहरण घेऊ. पतपेढीचा अल्पबचत प्रतिनिधी रोज संध्याकाळी त्याच्या गाळ्यावर येतो आणि शंभर-दोनशे रुपये पिग्मीत घेऊन जातो. त्या दैनंदिन ठेवीच्या आधारावर त्याला एक लाखाचे कर्ज मिळते आणि तो ते मुदतीत फेडतो. पुढे मुलीच्या शिक्षणासाठी तो बँकेत जातो, तेव्हा संगणकावर त्याचे जुने थकलेले क्रेडिट कार्ड दिसते. त्यानंतरची शिस्तशीर परतफेड कोठेच दिसत नाही. पतपेढीचा ना-देय दाखला त्याच्या पिशवीत असतो, पण तो मागण्याची पद्धत नसल्यामुळे बँकेतील मुलगा तो हातात घेऊन परत देतो. केंद्र सरकारने २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात स्पष्ट केले होते, की पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वीची पतनोंद नाही म्हणून फेटाळू नये. चांगली गोष्ट आहे. पण या विक्रेत्याची अडचण उलटी आहे: त्याची नोंद आहे, वाईट आहे आणि नंतरची चांगली वर्तणूक तिच्यात मिसळायला मार्ग नाही.

या अदृश्यतेची दुसरी बाजू पतपेढीच्या संचालकांना अधिक टोचायला हवी. समितीपुढे अर्ज येतो तेव्हा अर्जदाराने स्वतः जे सांगितले, जामीनदारांना जे माहीत आहे आणि पगारपत्रकावर जी कपात दिसते, तेवढ्यावरच निर्णय घ्यावा लागतो. अर्जदाराच्या संमतीने त्याचा पतअहवाल मागवला, तरी त्यात बँकांची आणि वित्त कंपन्यांची कर्जे दिसतात. शेजारच्या पेठेतील पतपेढीचे कर्ज दिसत नाही. एकच माणूस नोकरीच्या ठिकाणच्या पगारदार पतपेढीचा, राहत्या भागातील नागरी पतसंस्थेचा आणि गावाकडच्या मंडळींनी मुंबईत चालवलेल्या पतपेढीचा सभासद असणे आपल्याकडे मुळीच दुर्मीळ नाही. तिन्ही ठिकाणी त्याचे कर्ज असू शकते आणि तिघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो. मग ‘अ’ला ‘ब’ जामीन आणि ‘ब’ला ‘अ’ जामीन अशी साखळी तयार होते. एकाची नोकरी गेली की दोन्ही खाती थकतात. पगारदार संस्थेला १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४९ नुसार मालकाकडून थेट पगारातून कपात करून घेता येते, म्हणून तेथे थोडा तरी आवर असतो. नागरी पतसंस्थेला ती सोय व्यापारी किंवा रिक्षाचालक सभासदाच्या बाबतीत मिळत नाही.

असे असूनही पत बिघडलेल्या माणसाने पतपेढीचे सभासद व्हावे, असेच मी म्हणेन. तेथे अर्ज माणसे वाचतात. नोकरी का गेली, आता काय चालू आहे, घरात कमावते किती, हे विचारले जाते, आणि खरे उत्तर देणाऱ्याचे बऱ्याचदा काम होते. सभासदत्व हा उपकार नाही, हेही सांगितले पाहिजे. पोटनियमांत बसणाऱ्या व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि पूर्ण अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत संस्थेने निर्णय कळवला नाही, तर अर्जदार सभासद झाला असे कायदा मानतो. केवळ कर्जापुरते ‘नाममात्र सभासद’ करून घेण्याची घाई काही ठिकाणी दिसते. नाममात्र सभासदाला मताचा आणि लाभांशाचा हक्क नसतो, म्हणून शक्यतो पूर्ण सभासदत्वच मागावे. संस्थेचे भाग (शेअर) घेतल्यावर लगेच कर्ज मागण्याऐवजी सहा-आठ महिने आवर्त ठेव किंवा पिग्मी चालवली, तर समितीपुढे बोलायला काहीतरी राहते.

कर्ज घेताना मात्र व्याजाची आकारणी कशी होते, हे लेखी विचारून घ्यावे. कारण या एका प्रश्नावर अनेक सभासद गप्प बसतात. एक लाख रुपये, एक वर्ष मुदत, १५ टक्के दर असे धरले, तर घटत्या शिलकेवर, म्हणजे दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावर, महिन्याचा हप्ता साधारण ९,०२६ रुपये आणि वर्षाचे व्याज ८,३१० रुपयांच्या आसपास येते. तोच १५ टक्के दर मूळ रकमेवर सरसकट लावला, तर व्याज १५,००० रुपये आणि हप्ता ९,५८३ रुपये होतो. फलकावर दोन्ही ठिकाणी १५ टक्केच लिहिलेले असते. शिवाय कर्जाच्या ठरावीक टक्क्यांइतके भाग घेण्याची अट असते आणि ती रक्कम कर्ज वाटपाच्या वेळीच कापली जाते. हातात किती पडणार, याचा हिशेब त्यानुसार करावा. भागांवरचा लाभांश कायद्याने १५ टक्क्यांहून अधिक देता येत नाही आणि तो दरवर्षी मिळेलच असेही नाही.

जामीनदाराविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण पत सुधारण्याच्या धडपडीत सर्वांत आधी त्याचाच बळी जातो. पतसंस्थेचे कर्ज थकले, तर संस्था त्याच अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला मिळवते आणि त्यानंतरची वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे होऊ शकते. हा दाखला कर्जदाराबरोबर जामीनदारांवरही निघतो, आणि ज्याचा पगार ठरलेल्या तारखेला जमा होतो त्याच्याकडून वसुली सोपी, म्हणून वसुली अधिकारी बरेचदा आधी तिकडेच पाहतो. ज्याची स्वतःची पत अडचणीत आहे, त्याने सहकाऱ्याकडे जामिनासाठी सही मागताना आपला पतअहवाल त्याच्यापुढे ठेवावा, ही माझी अपेक्षा अनेकांना जाचक वाटेल. तरीही ती रास्त आहे.

ठेवीच्या बाबतीतही बँक आणि पतपेढी यांत गल्लत होते. सहकारी बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द झाला, तेव्हा तेथील ठेवीदारांना निदान या विम्याचा आधार होता. पतसंस्थेतील ठेवीला हा विमा लागू नाही. ‘आमच्याकडे बँकेपेक्षा एक टक्का जास्त’ असे सांगणाऱ्याने हे वाक्यही जोडायला हवे. लेखापरीक्षणाचा वर्ग (हिशेबतपासणीत संस्थेला मिळालेली श्रेणी), थकबाकीचे प्रमाण आणि मागील वर्षीचा वार्षिक अहवाल मागण्याचा सभासदाला अधिकार आहे. पत उभारायला आलेल्या माणसाने आपली सगळी शिल्लक एकाच पतपेढीत ठेवू नये. संस्था बहुराज्यीय असेल, तर तिचा निबंधक दिल्लीत असतो, हेही ठाण्यातील शाखेत पैसे भरण्यापूर्वी माहीत असलेले बरे.

मग पतगुणांक खरोखर कोठे सुधारतो? त्यासाठी पतअहवालापासूनच सुरुवात करावी लागते. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो आणि त्यासाठी कोणत्याही दलालाची गरज नसते. ‘महिन्याभरात स्कोअर वाढवून देतो’ अशी भित्तिपत्रके ठाणे स्थानकाच्या परिसरात लागतात. ती लावणाऱ्याला अहवालातील खरी नोंद पुसता येत नाही आणि खोटी नोंद दुरुस्त करायला त्याची आवश्यकता नाही. चुकीच्या नोंदीबद्दल कंपनीकडे किंवा संबंधित बँकेकडे तक्रार केल्यावर ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसासाठी तक्रारदाराला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, कारण १ सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही लोकपालाच्या तक्रारनिवारण योजनेत आल्या आहेत. ‘सेटल्ड’ शेरा असेल, तर सोडून दिलेली रक्कम भरून खाते पूर्ण बंद झाल्याची नोंद करून मिळेल का, हे बँकेला लेखी विचारावे. बँक बांधील नसते, पण अनेकदा तयार होते.

जुन्या नोंदींची अशी व्यवस्था लावल्यावर नवी चांगली नोंद जेथे जाते, तेथे व्यवहार करावा लागतो. सहकारी बँका या पतमाहितीच्या व्यवस्थेत आहेत. ठाणे जनता, ठाणे भारत, कळव्यातून वाढलेली पारसिक अशा बँका आपल्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या ओळखीच्या आहेत. अशा कोणत्याही बँकेत पंधरा-वीस हजारांची मुदतठेव ठेवून तिच्यावर कर्ज घेणे किंवा थोडे सोने तारण ठेवणे शक्य असते. बँकेला धोका नसल्यामुळे गुणांक कमी असूनही असे कर्ज मिळण्याची शक्यता अधिक असते आणि त्याच्या परतफेडीची नोंद होते. ती नोंद जाते ना, हे शाखेत विचारून घ्यावे आणि तीन-चार महिन्यांनी अहवालात पडताळावे. गरज भागवण्यासाठी पतपेढी आणि नोंद उभारण्यासाठी सहकारी बँक अशी विभागणी आजच्या घडीला शहाणपणाची आहे, पण ती सामान्य माणसावर लादलेली आहे आणि तिच्यात दुहेरी व्याज जाते.

म्हणून पतसंस्थांची कर्जेही पतमाहितीच्या कक्षेत आली पाहिजेत. २००५ च्या कायद्यात इतर संस्थांचा समावेश करण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेला दिलेला आहे. राज्याच्या सहकार खात्याने आणि पतसंस्थांच्या संघटनांनी त्यासाठी नेटाने पाठपुरावा करावा. यावर एक आक्षेप मी समितीच्या बैठकीतही ऐकला आहे आणि तो पोकळ नाही. पतपेढी हे अडलेल्या माणसाचे शेवटचे दार आहे. तेथील थकबाकीही संगणकावर गेली, तर ते दारही बंद होईल आणि माणूस पुन्हा खासगी सावकाराकडे जाईल, असे म्हणणारे संचालक सभासदांच्या भल्याचेच बोलतात. पण आज थकबाकीदाराची नोंद लपते, तशीच नियमित फेडणाऱ्याचीही लपते, आणि कोणत्याही चांगल्या पतपेढीत दुसऱ्या प्रकारचे सभासद पहिल्यापेक्षा अधिक असतात. त्यांनी आपल्या शिस्तीची किंमत थकबाकीदारांच्या अब्रूसाठी किती काळ मोजायची? शिवाय गुणांक कमी असला तरी अर्जदाराला समोर बसवून निर्णय घेण्याची मोकळीक पतपेढीला राहीलच. नोंद पाठवणे वेगळे आणि नोंदीवरूनच अर्ज फेटाळणे वेगळे. संगणकीकरणाचा खर्च लहान संस्थांना पेलणार नाही, ही अडचण मात्र खरी आहे, आणि तेथे ठराविक ठेवींच्या वरच्या संस्थांपासून टप्प्याटप्प्याने सुरुवात करता येईल.

हे होईपर्यंत एक काम आपल्याच हातात आहे. प्रत्येक पतसंस्थेने कर्जदार सभासदाला वर्षाअखेर एका ठरावीक नमुन्यातला परतफेडीचा दाखला द्यावा. त्यावर कर्जाची रक्कम, मुदत, प्रत्येक हप्त्याची देय तारीख आणि भरल्याची तारीख असावी; नुसते ‘येणे बाकी नाही’ एवढे लिहून भागत नाही. नमुना सहकार आयुक्तांनी ठरवून दिला, तर निदान आपल्या जिल्ह्यातील सहकारी बँकांनी कर्जाच्या अर्जासोबत तो विचारात घ्यायला हरकत नसावी, कारण त्या आणि पतपेढ्या एकाच चळवळीचे घटक म्हणवतात. संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायच्या असतात. ठाणे आणि नवी मुंबईतील सभासदांनी आपापल्या सभेच्या विषयपत्रिकेत हा दाखला आणि पतमाहिती कंपन्यांचे सदस्यत्व हे दोन विषय घेण्याची लेखी मागणी सचिवांकडे वेळेत द्यावी, आणि ठरावाची प्रत जिल्हा उपनिबंधकांच्या कार्यालयात पोहोचवावी, अशी माझी आपल्या पत्राद्वारे विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)